मोकळी तार झणझणते, दाबली की स्वच्छ बोलते

प्रश्न : मी वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहते. तरुणपणी सूरसागराजवळच्या म्युझिक कॉलेजात सतार शिकले होते. माझा पुतण्या अमेरिकेहून परतताना पाच तारांचा बँजो घेऊन आला आणि नोकरीसाठी बंगळूरला जाताना तो माझ्याकडे ठेवून गेला. विरंगुळा म्हणून मी त्यावर बोटे फिरवू लागले आणि आता चांगलीच गोडी लागली आहे. दिवाळीत पुतण्या आला तेव्हा त्याने गंजलेल्या तारा बदलल्या. बँजोच्या मिळाल्या नाहीत म्हणून गिटारीच्या लावल्या. तेव्हापासून तिसरी तार मोकळी छेडली की जवारी काढलेल्या सतारीसारखी झणझणते. अगदी हलक्या हाताने छेडली तरी तेच. पहिल्या किंवा दुसऱ्या पडद्यावर दाबली की आवाज एकदम स्वच्छ येतो. ही तार चौथीसारखीच वेटोळ्यांची (भोवती बारीक तार गुंडाळलेली) आहे, बाकीच्या तीन साध्या पोलादी आहेत. पुतण्या फोनवर सांगतो की ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, फिरवून बघ. शेजारचे गिटारशिक्षक म्हणतात की पडदे झिजले आहेत, बदलावे लागतील. सतारी दुरुस्त करणारे कारागीर घोडी घासून देतो म्हणतात. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : स. न. वि. वि.

तूर्त तिघांपैकी कोणाचेही ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिघांनी सुचवलेले उपाय खोटे नाहीत, पण ते ज्या दुखण्यांवरचे आहेत ती दुखणी आपल्या बँजोला असल्याचे पत्रावरून दिसत नाही. बँजोचा जवळजवळ प्रत्येक भाग पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने आवळता आणि सैल करता येतो, त्यामुळे काहीतरी फिरवून बघण्याचा मोह या वाद्याच्या बाबतीत फार लवकर होतो. आणि चार ठिकाणी फिरवून झाल्यावर मूळ दोष कोठे होता हेच कळेनासे होते. म्हणून आधी झणझणीची जागा नक्की करायची आणि मगच हत्याराला हात घालायचा.

ती जागा आपण स्वतःच पत्रात सांगितली आहे. तार मोकळी असते तेव्हा ती दोन टेकांच्या मध्ये कंप पावते : खाली घोडी आणि वर, खुंट्यांच्या अलीकडे, ती हाडाची किंवा प्लास्टिकची खाचा पाडलेली पट्टी, जिला गिटारवाले नट म्हणतात. (बँजोच्या कड्याभोवतीच्या हुकांचे नट वेगळे असल्यामुळे घोटाळा नको म्हणून मी तिला वरची पट्टीच म्हणतो.) तार पडद्यावर दाबली की वरच्या पट्टीची जागा तो पडदा घेतो, पण घोडी तीच राहते, तिच्याखालचे पान (डफासारखा ताणलेला पृष्ठभाग) तेच राहते, टेलपीस (तारांची खालची टोके अडकवायचा भाग), हुक, मागचा रेझोनेटर (पाठीचे झाकण), सगळे तेच राहते. तरीही झणझण थांबते याचा अर्थ जे बदलले त्यातच दोष आहे. घोडीची खाच बिघडली असती तर ती दाबलेल्या स्वरांतही बोलली असती. मान सरळसोट झाली असती किंवा मागे वाकली असती, तर वरच्या पट्टीजवळच्या पहिल्या चार-पाच पडद्यांवरचे दाबलेले स्वरही खरखरले असते, आणि तेही एकाच तारेवर नव्हे. पडदे झिजले असते तर ज्या पडद्यावर आपण बोट ठेवता त्याच्या पुढच्या पडद्याला तार घासली असती. यांपैकी काहीही आपल्याकडे होत नाही.

आता वरच्या पट्टीपाशी दोन वेगवेगळे दोष असू शकतात आणि त्यांचा आवाजही वेगळा असतो. खाच फार खोल गेली असेल तर मोकळी तार पहिल्या पडद्याला आपटते. हा आवाज कोरडा, खडखडीत असतो, जोराने छेडल्यावर वाढतो, हलक्या हाताने छेडल्यावर बहुधा येतच नाही आणि तारेचा कंप ओसरला की आपोआप विरतो. दुसऱ्या दोषात खाचेची खोली ठीक असते, पण तिचा तळ चुकीच्या उताराचा किंवा सपाट असतो, अथवा तार तळापर्यंत बसतच नाही; त्यामुळे तिला टेकायला एक नेमकी कड मिळत नाही आणि ती खाचेच्या तळावर किंवा भिंतींवर घासत कंप पावते. हा आवाज हलक्या छेडीतही येतो, स्वर संपेपर्यंत टिकतो आणि तंतोतंत जवारीसारखा असतो. आपण "अगदी हलक्या हाताने" असे लिहिले आहे, आणि जवारी ओळखण्यात सतार शिकलेल्या व्यक्तीचा कान सहसा फसत नाही. तेव्हा माझा कल या दुसऱ्या दोषाकडे आहे.

सतारीची किंवा तंबोऱ्याची घोडी मुद्दाम रुंद आणि किंचित उताराची ठेवतात, जेणेकरून तार कंप पावताना त्या पृष्ठभागाला लागत-सुटत राहील आणि तिचे वरचे स्वयंभू स्वर फुलतील; हीच जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोरा आणि वीणा यांच्या घोड्यांचा याच अंगाने अभ्यास केला होता. आपण ज्या कॉलेजात शिकलात त्याची सुरुवात १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या गायनशाळेने झाली आणि त्यांचे नातू इनायत खाँ १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेले. त्या वीणेची घोडी रुंद होती. उलट दिशेने आपल्या घरी आलेल्या या वाद्याची घोडी मात्र अरुंद कडेची असते, मेपलच्या लाकडाची आणि वर आबनुसाची पातळ पट्टी बसवलेली. तार त्या कडेवर टेकून लगेच सुटली पाहिजे, हा बँजोच्या कोरड्या, टणक आवाजाचा पायाच आहे. म्हणून आपल्या कारागिरांना ही घोडी घासू देऊ नका. ते सवयीने तिला जवारी काढतील आणि मग झणझण एका तारेऐवजी पाचही तारांना लागेल. त्यांची मदत आपल्याला लागणार आहे, पण दुसऱ्या टोकाला. ते पुढे लिहितो.

दोषाचे मूळ कारणही आपल्याच एका वाक्यात आहे. तिसरी तार वेटोळ्यांची आहे, असे आपण लिहिता. पाच तारांच्या बँजोत सहसा एकटी चौथी तार वेटोळ्यांची असते, तिसरी साधी पोलादी असते. बँजोची तिसरी तार आणि गिटारीची तिसरी तार एकाच स्वराला, पांढऱ्या जी (G) ला, लावतात. पुतण्याने हा मेळ पाहून गिटारीची तिसरी तार इथे चढवली असणार, आणि वरवर पाहता ते बरोबरच वाटते. मात्र बँजोच्या तिसऱ्या तारेची जाडी संचानुसार साधारण ०.०१३ ते ०.०१६ इंच असते, तर साध्या ध्वनिक गिटारीची वेटोळ्यांची तिसरी तार ०.०२२ ते ०.०२४ इंचांची असते. ०.०१६ साठी कापलेल्या खाचेत ०.०२४ ची तार तळापर्यंत उतरू शकत नाही. ती खाचेच्या दोन ओठांवर बसून राहते, वेटोळे त्या ओठांवर घासतात आणि झणझण सुरू होते. शिवाय तीच लांबी आणि तोच स्वर असताना जाड तारेला ताण बराच जास्त लागतो, आणि तो हलक्या बांधणीच्या मानेवर विनाकारण पडतो. खाच न कापता नुसती तार बदलून हे सुटण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

बँजोची तार शहरात मिळाली नाही तरी अडत नाही. कोणत्याही वाद्यांच्या दुकानात गिटारीच्या सुट्या तारांमध्ये ०.०१६ ची साधी पोलादी तार मागा, ०.०१२ पासून सुरू होणाऱ्या गिटारसंचातली ती दुसरी तार असते. अडचण एवढीच की गिटारीच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो आणि बहुतेक बँजोंच्या टेलपीसच्या आकड्यांना मोकळा फास लागतो. तो मणी पकडीत धरून आडवा दाबला की त्याचा आकार बिघडतो आणि तो तारेच्या फासातून बाहेर पडतो, मागे हवा तसा फास उरतो. हे करताना चष्मा असू द्या आणि मणी फडक्यात धरा, कारण तो कधीकधी उडतो. फासाजवळच्या पिळाला पकडीचा दाब लागू देऊ नका. तेथे तार दुखावली तर सुरात चढवताना तुटते.

तार बदलताना बाकीच्या चार तारा तशाच चढलेल्या राहू द्या. सतारीप्रमाणेच बँजोची घोडी चिकटवलेली नसते, ती केवळ तारांच्या दाबाने पानावर उभी असते, आणि सगळ्या तारा एकदम उतरवल्या तर ती पडते आणि तिची जागा हरवते. सावधगिरी म्हणून घोडीच्या पायांभोवती पानावर पेन्सिलीने हलकी खूण करून ठेवा. नवी तार खुंटीवर तीन-चार वेढे बसतील इतकी लांब ठेवा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली जाईल असे बघा, म्हणजे तार पट्टीवरून खुंटीकडे स्पष्ट उतरत जाईल. पुष्कळ जण दीड वेढ्यावर तार संपवतात किंवा वेढे वरच्या दिशेने चढू देतात. मग तार पट्टीवर जवळजवळ सपाट पडून राहते, खाचेवर दाब येत नाही आणि चांगली खाचही झणझणते. आपल्या सध्याच्या तारेचे वेढे कसे आहेत ते उतरवण्याआधीच एकदा पाहून ठेवा. मला तेथेही शंका आहे.

तार सुरात आली की बँजो मांडीवर घेऊन मोकळी छेडा. झणझण गेली असेल तर काम झाले. राहिली असेल तर पट्टी आणि खुंटी यांच्या मधल्या भागात, पट्टीला लागूनच, अंगठ्याच्या नखाने तार खाली दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने छेडा. दाबल्यावर आवाज साफ होत असेल तर दाब अपुरा आहे, म्हणजे वेढे पुन्हा नीट घ्यायला हवेत किंवा खाचेचा उतार चुकला आहे. त्यानंतर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबून धरून पहिल्या पडद्यावरची फट उजेडाकडे धरून बघा. तेथे केसभर तरी फट दिसली पाहिजे, आणि त्या जागी तारेवर बोटाने टिचकी मारली तर पडद्याला लागल्याचा बारीक टक असा आवाज यायला हवा. फट अजिबात नसेल तर खाच खोल गेली आहे. याच वेळी पहिल्या पडद्याचे टोकही तपासून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात फुगलेले लाकूड दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत आकसते आणि एखादा पडदा आपल्या खाचेतून किंचित उचलला जातो. तिसऱ्या तारेखाली पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पडदा दाबल्यावर तो हलला किंवा झणझण थांबली, तर दोष पट्टीचा नसून त्या पडद्याचा आहे. आपल्या वर्णनावरून मला ही शक्यता कमी वाटते, पण तपासायला वेळ लागत नाही.

खाचेचेच काम निघाले, तर आपल्या सतारीच्या कारागिरांकडे अवश्य जा. हाड घासण्यात त्यांचा हात इतका तयार असतो की गिटारीच्या दुकानातल्या नवख्या मेकॅनिकपेक्षा मी त्यांच्यावर अधिक विसंबेन, मात्र त्यांना हवे ते नेमक्या शब्दांत सांगावे लागेल. घोडीला हात लावायचा नाही. तिसऱ्या तारेची खाच तारेच्या जाडीपेक्षा किंचितच रुंद, तळाशी गोल आणि खुंटीकडे उतरती हवी. तिचा सर्वांत उंच बिंदू पडद्यांच्या बाजूच्या कडेवरच आला पाहिजे, जेणेकरून तार तेथूनच सुटेल. जवारीत जे टाळतात ते येथे हवे आणि जवारीत जे हवे असते ते येथे टाळायचे, असे सांगितले की त्यांना लगेच उमजेल. घासणे सोनारी बारीक कानशीने, मागच्या बाजूने आणि बेताबेताने व्हावे. पुढची कड एकदा खाली गेली की खाच खोल होते आणि उताराचा दोष जाऊन खोलीचा येतो.

तो खोलीचा दोष आलाच, किंवा जाड तारेने खाच आधीच फाकवून ठेवली असेल, तरी पट्टी लगेच टाकून द्यावी लागत नाही. हाडाचा बारीक भुगा किंवा खाण्याचा सोडा खाचेत भरून त्यावर फेविक्विकसारख्या गोंदाचा एक थेंब सोडला की काही क्षणांत तो दगडासारखा कडक होतो आणि त्यात नवी खाच कापता येते. आजूबाजूच्या लाकडाला आधी कागदी टेप लावून घ्यावी, नाहीतर पॉलिशवर डाग पडतो. हा उपाय बराच काळ टिकतो, तरी मला विचाराल तर प्लास्टिकची पट्टी असेल तेव्हा त्याच कारागिरांकडून हाडाची नवी पट्टीच करून घ्यावी. मूळ पट्टी नमुना म्हणून त्यांच्याजवळ द्यावी आणि चारही खाचांमधले अंतर त्याबरहुकूम ठेवायला सांगावे. पाचवी तार पाचव्या पडद्यापाशी आपल्या स्वतंत्र खुंटीवर सुरू होते, तिचा या पट्टीशी संबंध नाही.

झणझण सगळ्या तारांवर किंवा एखाद्याच विशिष्ट स्वराला येऊ लागली, तर मात्र कारण वेगळे असते आणि ते बहुधा तारेत नसतेच. पानाभोवतीच्या हुकांपैकी एखादा सैल होतो, रेझोनेटरचा स्क्रू किंवा खुंटीची वाटी ढिली होते आणि तेवढ्याच एका स्वराला कंप पावते. कोणाला तरी तो स्वर छेडत राहायला सांगून आपण एकेका भागावर बोट ठेवत जावे. जेथे बोट ठेवल्यावर आवाज थांबतो ती जागा. घोडी आणि टेलपीस यांच्या मधल्या तारांच्या तुकड्यांत कापडाची पट्टी गुंतवली की तेथली किणकिणही थांबते.

पुतण्याला कळवा की ट्रस रॉड आहे तेथेच असू द्यावा. मानेची तपासणी करायचीच असेल, तर तार पहिल्या पडद्यावर आणि मान जेथे पानाच्या कड्याला मिळते तेथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या पडद्यावरची फट बघावी. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर मानेला काही झालेले नाही. गिटारशिक्षकांनाही पडद्यांवर तारांखाली खोल घरे पडली आहेत का, एवढे उजेडात दाखवून विचारता येईल. आपल्या पुतण्याचा बँजो इतका वाजलेला असेल असे मला वाटत नाही.

नवी तार मिळेपर्यंत किंवा पट्टी होईपर्यंत सराव थांबवण्याचे कारण नाही. बँजोचा मोकळा मेळ आपल्या भाषेत सांगायचा तर चौथ्या तारेवर खालचा पंचम, तिसरीवर षड्ज, दुसरीवर गंधार, पहिलीवर पंचम आणि पाचवीवर तार षड्ज असा असतो. म्हणजे झणझणणारी तार नेमकी षड्जाची, आणि ती टाळून वाजवणे शक्य नाही. गिटारशिक्षकांकडून त्यांचा कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, उसना मागा, पहिल्या चार तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवा आणि दुसऱ्या पडद्याच्या लगतच मागे कॅपो लावा. चारही तारा पुन्हा मूळ स्वरांत येतील, पाचवी आहे तशीच राहील, वरची पट्टी वाजण्यातून वगळली जाईल, आणि त्या जाड तारेचा मानेवरचा ताणही तोवर कमी राहील.